पोटफोड्या ष

किसननगरात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेसातला, मी चिनी शिकतो.
खाली ज्वारी भरडली जाते, वर माझी जीभ.

प्रणोती शेलार शिकवते. वुहानमधली डॉक्टरकी
साथीत अर्धी सोडून आली, आता परीक्षेच्या तारखेची वाट बघते.
तोवर आम्ही तिघं: एक खेळणीवाला, एक एलईडीवाला
आणि मी. वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा,
कुकरच्या रबरी रिंगा.
पुढच्या महिन्यात निंगबोला जायचंय, मशीन बघायला.
अठ्ठावन्नाव्या वर्षी पासपोर्टवर पहिला शिक्का.

"काका, तुम्हाला सोपं जाईल," ती म्हणते.
"त वेगळा, थ वेगळा, प वेगळा, फ वेगळा,
हे तुमच्या तोंडात आहेच. आणि निरोप घेताना दोन च:
पहिला चाकातला, दुसरा चहातला."
चाइ-च्येन.
चाक आणि चहा. माझ्या कारखान्यात
तिसरं आहे तरी काय?

तुओ म्हणजे जास्त, शाओ म्हणजे कमी,
जोडून तुओशाओ: किती.
मी वहीत पुढे लिहितो, थोडंबहुत.
थाइ क्वै ल, फार महाग आहे. हे मला लगेच येतं,
कुठल्याही भाषेत आलं असतं.

मग माइ.
आवाज खड्ड्यात उतरून वर आला तर विकत घेणे,
वरून सरळ खाली आपटला तर विकणे.
एलईडीवाला खो खो हसतो, म्हणतो एवढ्यावरून माझा माल जायचा.
मी वहीत बघत राहतो.
आपल्याकडे तरी काय,
विकत घेणं विकण्याच्याच पोटातून निघालंय.

बाळाराम भोईर सव्वीस वर्षं माझ्या प्रेसवर आहे.
साचा किती तापलाय ते काट्याआधी त्याच्या कोपराला कळतं.
रोज सकाळी विचारतो, "काय शिकलाव शेठ?"
आणि मी सांगितलेलं प्रेसच्या ठोक्यावर घोळवतो,
भजनातली चाल उचलावी तसं.
त्याचा माइ बरोब्बर खड्ड्यात उतरतो, बरोब्बर वर येतो.
माझा रस्त्यातच अडकतो.
नव्या मशीनला माणूस लागत नाही,
लागलाच तर बटण दाबायला, बारावी पास.
हे मी त्याला अजून मराठीत सांगितलेलं नाही.

गेल्या शुक्रवारी प्रणोती म्हणाली,
"कारखान्यात जुना कारागीर दिसला तर नाव विचारायचं नाही.
षिऽफू म्हणायचं. ष, जीभ मागे वळवून. पोटफोड्या."
चौथीत बाईंनी फळ्यावर काढला होता, पोट फोडून.
त्यानंतर चोपन्न-पंचावन्न वर्षं मी भाषेला भाशा म्हणालो,
विषयाला विशय, कोणी अडवलं नाही.
म्हातारपणी त्याला काम लागलं, तेही परदेशात.

"तातडीचं काही शिकव," मी म्हटलं.
"पोलीस, हॉस्पिटल, तसलं."
ती थोडी थांबली. खाली गिरणीचा पट्टा सुटला होता,
तेवढ्या शांततेत म्हणाली, "नाली थंग? कुठे दुखतं?"
"अगं, ते डॉक्टरने विचारायचं."
"हो. पण मला तेवढंच झोपेतसुद्धा येतं."

आज शनिवार. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर
कानात उरते तसली शिट्टी.
बाळाराम चिंध्यांनी हात पुसतोय,
बोटांच्या भेगांतलं काळं कधीच निघत नाही ते पुसतोय.
मी जवळ जातो, जीभ मागे वळवतो.
"षिऽफू," म्हणतो. आणि मग,
तोंडात आहे म्हणून, "नाली थंग?"

तो माझ्याकडे बघतो. बराच वेळ.
चिंधी घडी करून प्रेसवर ठेवतो, जशी रोज ठेवतो.
"थिंग पू तुंग," म्हणतो,
ऐकलं, कळलं नाही,
एकेक सूर जागच्या जागी.